दुसरा कोड

कोरिन ट्वेटचं काम नीट झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नसे. डॉक्टरांनी पेशंटला तपासून टिपण लिहिलं, की ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरवर यायचं. ते वाचून या भेटीला कुठला कोड लावायचा हे ती ठरवायची. साध्या सर्दीचा वेगळा, बिघडलेल्या मधुमेहाचा वेगळा, छातीत दुखतंय म्हणून धावत आलेल्या माणसाचा आणखी वेगळा. कोड विमा कंपनीकडे जायचा आणि तिथून फिरून पेशंटच्या घरी बिल. वाजवीपेक्षा वरचा कोड लावला तर ती फसवणूक, खालचा लावला तर तोटा दवाखान्याचा. डॉक्टरांनी एखादी गोष्ट केली पण लिहिली नाही, तर ती झालीच नाही असं धरायचं. कोरिन एकेक ओळ दोनदा वाचायची, आणि तरी घरी जाताना गाडीत तिला वाटत राहायचं की आज काहीतरी चुकलं असणार.

आयोवाच्या उत्तरेकडचं ते गाव लहान. पडद्यावर येणारी नावं सगळी ओळखीची. कुणाला काय झालंय हे तिला माहीत असायचं आणि दुकानात समोर भेटल्यावर माहीत नसल्यासारखं हसायचं, हेही तिला इतक्या वर्षांत जमलं होतं. तिला त्रास झाला तो घरातल्याच माणसाचं टिपण समोर आलं तेव्हा.

आर्डिथ क्वाले ही तिच्या नवऱ्याची, वेंडेलची, थोरली बहीण. साठी ओलांडलेली, वर्लिन क्वालेची विधवा, आवाज खणखणीत. गावाच्या पूर्वेकडच्या सगळ्या शेतवाड्यांवरची पोरं शाळेत आणायची बस ती चालवायची. गेल्या वसंतात ती वार्षिक तपासणीला गेली. ही तपासणी विम्यात फुकट असते. तपासणी संपली, कोट घालून झाला आणि दार उघडता उघडता आर्डिथ म्हणाली, "तेवढा गुडघा फार दुखतोय हो, डॉक्टर." डॉक्टर इमहॉफनी तिला परत बसवलं, गुडघा पाहिला, एक्स-रे काढायला सांगितलं, रक्तदाबाची गोळीही बदलली. आणि हे सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं.

कोरिननं ते टिपण वाचलं आणि दोन कोड लावले. एक तपासणीचा, दुसरा गुडघ्याच्या आजाराचा. नियम तसाच होता.

दुसरा कोड फुकट नव्हता. आर्डिथच्या विम्यात वर्षाचे पहिले काही हजार डॉलर तिनंच भरायचे होते, त्यामुळे दोनशेच्या आसपास डॉलरचं बिल तिच्या घरी आलं. रविवारी चर्च सुटल्यावर ती ते पर्समध्ये घालूनच जेवायला आली.

"वेंडेल, बटाटे इकडे दे. आणि तुझ्या बायकोला विचार, मी गुडघ्याचं नाव घेतलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

"ते बिल मी नाही पाठवत, आर्डिथ," कोरिन म्हणाली.

"पण कोड तूच लावतेस ना? मग बदल की. एक आकडा तर बदलायचाय."

"डॉक्टरांनी लिहिलंय ते मी कसं बदलू? माझी नोकरी जाईल. नोकरीचं सोड, ते खोटं होईल."

"अगं, मी काही तुला बँक लुटायला सांगत नाहीये!" आर्डिथ हसली. सगळे हसले. मग बशीत बटाटे घेत ती म्हणाली, "असो. शहाणपण आलं. यापुढं डॉक्टरनं विचारलं की म्हणायचं, मी ठणठणीत. ठणठणीत राहिलं की फुकट पडतं."

सोमवारी कोरिननं ते टिपण पुन्हा उघडलं. कुठं तरी आपली चूक सापडावी, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. चूक सापडली असती तर दुरुस्ती करता आली असती. पण दोन्ही कोड अगदी बरोबर होते.

हिवाळा आला. आर्डिथ आपल्या दारातला बर्फ कधी कुणाला उपसू देत नसे. त्या वर्षी शेजाऱ्यानं त्याच्या यंत्रानं तो काढून दिला तेव्हा ती काही बोलली नाही. चर्चच्या तळघरात कॉफीला जाताना ती जिन्यात मध्येच थांबली आणि भिंतीवरच्या लहान मुलांच्या चित्रांकडे बघत राहिली. तीच चित्रं तिथं कित्येक महिने लागलेली होती. कोटाच्या खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची बाटली असायची आणि ती त्या शेंगदाण्यांसारख्या चघळायची. कधी कधी बोलता बोलता तिचा हात जबड्यावर जायचा, मग डाव्या खांद्यावर.

कोरिन हे सगळं बघत होती. अशी टिपणं तिनं शेकड्यानं वाचली होती. जिन्यात दम लागतो, जबड्यापर्यंत कळ येते, रोग्याला वाटतं अ‍ॅसिडिटी आहे. पुढं काय लिहिलेलं असतं तेही तिला पाठ होतं.

"तुला दम लागतोय का गं?" तिनं एकदा भांडी विसळताना विचारलं.

"वय लागतंय," आर्डिथ म्हणाली. "तू पण थांब, तुलाही लागेल."

"डॉक्टरांना दाखवून ये ना."

"एप्रिलमध्ये आहे की माझी तपासणी. फुकटची." आणि तिनं ओला टॉवेल कोरिनच्या खांद्यावर टाकला.

एप्रिल उजाडला. बर्फ वितळून शेतांत पाणी साचलं होतं. त्या दिवशी दुपारी आर्डिथ क्वाले हे नाव कोरिनच्या पडद्यावर आलं. नातेवाइकांची टिपणं दुसऱ्या कुणाकडे द्यावीत असं तिला अनेकदा वाटायचं, पण त्या दवाखान्यात हे काम करणारं दुसरं होतंच कोण? तिनं टिपण उघडलं. 'तक्रार नाही. छातीत दुखत नाही. दम लागत नाही. थकवा नाही. गुडघा बरा आहे.'

एकच कोड. दिवसभरातलं सगळ्यात सोपं काम. कोरिनचं बोट बटणावर होतं आणि ते खाली जाईना. यातलं एकही वाक्य खरं नाही हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी मात्र जे ऐकलं तेच लिहिलं होतं, त्यात त्यांचा काय दोष? आर्डिथला हे खोटं बोलायला कुणी शिकवलं, या प्रश्नाशी येऊन ती अडकली. शेवटी तिनं बटण दाबलं, कारण न दाबण्यासाठी तिच्याकडे कागदावरचं एकही कारण नव्हतं.

घरी तिनं टिपणाचं काही न सांगता वेंडेलला विचारलं, "तुझ्या बहिणीची तब्येत तुला कशी वाटते?"

"आर्डीची? घोड्यासारखी आहे ती."

"ती जिन्यात थांबते."

"मीही थांबतो. कोरिन, तू दिवसभर आजार वाचतेस, म्हणून तुला सगळीकडे आजार दिसतात." मग त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आणि हे बघ, डॉक्टरनं छातीचं काही लिहिलं तर पहिली तिची बस जाईल. वर्लिन गेल्यावर त्या बसनंच तिला उभं केलंय. तू मध्ये पडू नकोस."

बस. कोरिन इतके दिवस बिलाचाच विचार करत बसली होती. बसचा विचार तिनं मनाच्या दाराशी आलेला परतवून लावला होता, तो आता आत आला आणि बसला तो बसलाच. पुढचे काही दिवस ती टिपणं तीन तीनदा वाचू लागली. एका म्हाताऱ्याच्या कानातला मळ काढल्याचा कोड तिनं लावला, खोडला, पुन्हा लावला. घरी हाती घेतलेली शिवण सोडून दिली. लांबून सायरन ऐकू आला की ती उठून खिडकीशी जायची आणि रस्ता पूर्वेकडचा आहे की पश्चिमेकडचा ते बघायची.

आठवड्याभरानं, सकाळी दवाखान्याकडे जाताना तिची गाडी नेमकी आर्डिथच्या बसच्या मागं आली. धान्याच्या उंच कोठारांपाशी रेल्वेचं फाटक आहे. तिथं शाळेची प्रत्येक बस थांबते, ड्रायव्हर दार उघडून गाडीचा आवाज येतो का ऐकतो आणि मग रूळ ओलांडतो. बस थांबली. दार उघडलं. कोरिननंही ब्रेक लावला.

दार उघडंच राहिलं.

आगगाडी नव्हती. दोन्हीकडे रूळ लांबवर मोकळे दिसत होते. मागच्या काचेतून दोन मुली कोरिनला जीभ काढून दाखवत होत्या. तिच्या मागं आणखी एक ट्रक येऊन थांबला. बस हलेना. कोरिननं पट्टा सोडला, दाराच्या कडीला हात घातला, आणि तिच्या मनात आलं, बस आत्ता सुटली तर? ब्रेकवरचा पाय सुटून ती रुळांवर गेली तर? मुली अजून हसत होत्या.

मग दार मिटलं. बस हळूहळू, फारच हळू, रूळ ओलांडून गेली.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा कोरिननं पट्टा लावला आणि गाडी पुढं काढली.

दवाखान्यात पोचल्यावर तिनं कोटही काढला नाही. डॉक्टर इमहॉफ तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान होत्या, हातात कॉफी घेऊन पहिल्या रोग्याकडे निघाल्या होत्या.

"डॉक्टर, दोन मिनिटं. दार लावून."

"कोरिन? बसा. काय झालं, कुठला कोड अडला का?"

"कोडचं नाही. मी फाइलमधलं बोलत नाहीये हे आधी सांगते. डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय, आर्डिथची भावजय म्हणून." आणि तिनं सांगितलं. जिना, गोळ्या, जबडा, खांदा. रेल्वेचं फाटक.

डॉक्टरांनी कॉफी टेबलावर ठेवली. "मी त्यांना विचारलं होतं. सगळं विचारलं. शेवटी 'आणखी काही?' असंही विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, तुम्हीच दमलेल्या दिसता. माझ्याशी त्या खोटं का बोलतील?"

"गेल्या वर्षी तिनं दारात गुडघ्याचं सांगितलं. त्याचं बिल गेलं. कोड मी लावला होता."

"तो बरोबरच होता, कोरिन."

"हो. बरोबरच होता," कोरिन म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच आर्डिथला फोन लावला. आर्डिथ बस लावून घरी आली असणार. उत्तर खोलीभर ऐकू येत होतं: मला काही झालेलं नाही, होईल तेव्हा मी कळवीन, आणि तुमच्या दवाखान्याला गिऱ्हाईक कमी पडत असेल तर पेपरात जाहिरात द्या. फोन बंद झाला. थोड्याच वेळात कोरिनच्या पर्समधला फोन वाजला.

"तूच ना?"

"आर्डिथ, ऐक..."

"आता घरातल्या माणसांना धरून आणणार का तपासायला? वर कमिशन मिळतं वाटतं? मी जिन्यात उभी राहिले तर त्याचाही कोड असेल तुझ्याकडं!"

"मी फाटकाशी तुझ्या मागं होते," कोरिन म्हणाली.

मग आर्डिथ म्हणाली, "रविवारी माझ्यासाठी ताट मांडू नकोस," आणि तिनं फोन ठेवला.

वेंडेल त्या संध्याकाळी बायकोशी फारसं बोलला नाही. कोरिनला झोप लागली नाही. शाळेला फोन करून सांगावं? मग आर्डिथची बस कायमची जाईल, आणि उद्या तपासणीत खरंच अ‍ॅसिडिटी निघाली तर? न सांगावं? मग त्या जीभ काढणाऱ्या मुली. एकदा तर तिला वाटलं, आपण उद्या सरळ आपली गाडी बसच्या आडवी घालावी.

सकाळी उजाडता उजाडता ती शाळेमागच्या बसच्या आवारात गेली. सगळ्या बस सुरू होऊन धूर सोडत उभ्या होत्या. आर्डिथ नेहमीप्रमाणे टायरांना लाथ मारून, दिवे तपासून आपल्या बसमध्ये चढली होती. कोरिन पायऱ्या चढून आत गेली आणि पहिल्या बाकावर, लहान मुलांच्या मापाच्या त्या बाकावर, गुडघे दुमडून बसली.

"उतर," आर्डिथ आरशातून म्हणाली. "मोठ्या माणसांना परवानगी नाही."

"बिल मी भरेन. सगळं. तू फक्त चल."

"बिलाचं काय घेऊन बसलीस गं!" आर्डिथ वळली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बिल आलं ते बरं झालं. मला सांगायला एक कारण मिळालं. लोक हसतात, मान डोलावतात, पुढं कुणी विचारत नाही."

"मग काय आहे?"

आर्डिथ पुन्हा समोरच्या काचेकडे वळली. "वर्लिन छातीत जरा दुखतंय म्हणून इस्पितळात गेला. चालत गेला. जाताना मला म्हणाला, दुपारी सूप कर. त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं आणि तो उठलाच नाही. म्हणे उशीर झाला होता. मला तसं नाही वाटत. मला वाटतं, तो गेला नसता तर अजून काही दिवस..." तिनं हात हलवला. "आणि मी इथं आले की पोरं 'गुड मॉर्निंग मिसेस क्वाले' म्हणतात. घरी मला कोण काय म्हणतं?"

कोरिनला तिचा हात धरावासा वाटला, पण आर्डिथला ते आवडलं नसतं. "काल फाटकाशी काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"आर्डिथ."

"हात सुन्न पडला होता. दाराची कळ दाबता येत नव्हती." आर्डिथनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, जणू ते अजून जागेवर आहेत का बघत होती. "मी म्हटलं, देवा, पोरं उतरेपर्यंत थांब. मग पुढं काय करायचंय ते कर."

"आणि आज?"

बाहेर बाकीच्या बस एकेक करून आवाराबाहेर निघाल्या होत्या. तिच्या बसच्या मागची बस हॉर्न देऊन वळसा घालून गेली. अखेर तिनं वायरलेसचं बटण दाबलं.

"ऑर्लो, पूर्वेकडच्या फेरीला दुसरा माणूस बघ."

"काय झालं? गाडी बिघडली?" वाहतूक बघणारा ऑर्लो खरखरत म्हणाला.

"गाडी चांगली आहे," आर्डिथ म्हणाली. "मी बिघडलेय."

तिला बसच्या पायऱ्या एकटीनं उतरता आल्या नाहीत. कोरिननं आपल्या गाडीतून नेण्याचा विचार केला होता, पण धावत आलेल्या ऑर्लोनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ रुग्णवाहिका बोलावली. शहरातल्या इस्पितळात नेईपर्यंत कोरिन तिच्याशेजारी बसून होती. रुग्णवाहिकेतल्या माणसानं छातीला तारा लावल्या आणि विचारलं, "दुखणं कधीपासून?" आर्डिथनं कोरिनकडे बघितलं आणि ती म्हणाली, "नोव्हेंबरपासून. थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून." मग ती बोलतच सुटली. दम, खांदा, सुन्न पडणारा हात, खुर्चीत बसून काढलेल्या रात्री. तो माणूस लिहून घेत होता आणि कोरिन सवयीनं मनातल्या मनात एकेका ओळीला कोड लावत होती. तिनं स्वतःला थांबवलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बंद होत्या. दुसऱ्याच दिवशी छाती उघडावी लागली. ऑपरेशन सुरू असताना वेंडेल इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता. मध्येच कोरिनपाशी थांबून म्हणाला, "मी तुला मध्ये पडू नकोस म्हटलं होतं."

"हो."

"बरं झालं ऐकलं नाहीस." मग लगेच, "ती उठेल ना गं?" कोरिननं त्याला शेजारी बसायला जागा करून दिली. वर्लिनचं नाव दोघांपैकी कुणीही घेतलं नाही.

ती उठली. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य बसच्या किल्लीबद्दल होतं. ती कुणाच्या खिशात आहे आणि नव्या माणसानं डिझेल भरलं का.

आर्डिथ काही गोड झाली नाही. घरी आल्यावर तिनं कोरिनला स्वयंपाक नीट करत नाही म्हणून बोलून घेतलं, आणि बिलांचा गठ्ठा येऊ लागला तेव्हा तर रोज एक फोन व्हायचा. कोरिन संध्याकाळी तिच्याकडे जाऊन एकेक कागद वाचून दाखवायची, हा कशाचा आहे, यावर कुठं हरकत घेता येते, हा आकडा इस्पितळाशी बोलून खाली येईल का. दोन ठिकाणी इस्पितळानं चुकीचे कोड लावले होते, ते तिनं बदलून घेतले. बाकीचे बरोबर होते आणि ते भरावे लागणार होते.

दवाखान्यात तिनं डॉक्टर इमहॉफना एवढंच विचारलं की तपासणी सुरू होण्याआधीच लोकांना सांगता येईल का, यात काय फुकट आहे आणि काय नाही. डॉक्टर म्हणाल्या, "सांगितलं तर जास्तच गप्प बसतील, नाही का?" मग ठरलं की एखाद्याला छातीचं, श्वासाचं काही असेल तर आधी ते ऐकायचं, बिलाचं मागून बघू, असं डॉक्टर स्वतःच म्हणतील. काही जण ऐकून बोलू लागले. काही जण हसून कोट घालायचे. 'तक्रार नाही' असं टिपण आलं की कोरिन अजूनही थोडी थांबायची. बहुतेक वेळा ते खरंच असायचं. पण पडद्यावरून तिला ते कळायला मार्ग नव्हता.

तीन महिन्यांनी, बस चालवायला आर्डिथ लायक आहे का, याची चाचणी होती. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय बघतात ती. कोरिननंच तिला शहरात नेलं आणि इस्पितळाच्या गाड्यांच्या आवारात उन्हात बसून राहिली. नापास झाली तर काय बोलायचं याची तिनं मनात तयारी केली होती. पास झाली तर काय बोलायचं हे तिला सुचत नव्हतं, आणि पहिल्यापेक्षा तिला याचीच जास्त भीती वाटत होती.

आर्डिथ बाहेर आली, दार उघडून बसली, पट्टा लावला. "चल. भूक लागलीय."

कोरिननं गाडी सुरू केली नाही. "काय म्हणाले?"

"पास." आर्डिथनं समोरचा आरसा खाली ओढून केस नीट केले. "तो पोरगा म्हणाला, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

"मग सप्टेंबरला..."

"मग काही नाही. इथं येण्याआधीच ऑर्लोला फोन केला होता. सांगितलं, पोरांची गाडी नको." ती थोडा वेळ आरशातच बघत राहिली. "तिथं पट्ट्यावर चालताना सगळ्या वायरी लावून चार माणसं बघत असतात. फाटकाशी मी एकटी असते. तो चर्चचा जेवणाचा डबा पोचवायचा टेम्पो आहे ना, त्याला ड्रायव्हर हवाय. म्हाताऱ्या माणसांकडं. त्यातल्या निम्म्या जणांशी माझं पटत नाही, पण दार उघडून नाव तरी घेतील."

कोरिननं मान हलवली. मग बाहीनं डोळे पुसले.

"रडू नकोस," आर्डिथ म्हणाली. "मला भूक लागली की मला काहीच सोसत नाही. आणि गाडी सुरू कर आता. दोन्हीकडे बघ आणि निघ."